चिमूटभर परकं

2020 साली ‘एसीएस नॅनो’ या रसायनशास्त्रातल्या मातब्बर नियतकालिकात एक छोटा लेख छापून आला. प्रागमधले मार्टिन प्युमेरा, झ्डेनेक सोफर आणि लू वांग यांनी ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळली, ते मिश्रण तापवलं आणि रीतसर मोजमापं घेतली. ग्राफीनची विद्युत-उत्प्रेरक म्हणून कामगिरी सुधारली. विष्ठेत नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक हे सगळं फुकटात असतंच. ग्राफीनमध्ये काहीही घाण घातली तरी ते सुधारतंच का, हा प्रश्न त्यांनी लेखाच्या शीर्षकातच, इथे लिहिलाय त्याहून जरा रोखठोक शब्दांत विचारला होता. पुढे त्यांनी हिशेबही मांडला. मिसळण्याजोगी मूलद्रव्यं 84 धरली, तर एकेक घालून 84 शोधनिबंध होतील, दोन-दोनच्या जोड्यांनी 3,486, तिघांच्या गटांनी 95,284 आणि चार-चार घेतली तर वीस लाखांच्या आसपास. इतक्या संशोधकांची पोटं भरतील!

थट्टा उत्प्रेरकांच्या मंडळींची होती, पण तिचा ठसका सुपरकपॅसिटरवाल्यांनाही लागला असणार. ‘अमुक धातूचे अणू मिसळून तमुक ऑक्साईडच्या इलेक्ट्रोडची क्षमता वाढवणे’ या साच्याचे निबंध दरवर्षी ढिगाने निघतात. आपल्याकडे तर हा साचा फारच रुजला आहे, आणि त्याला कारणं आहेत. रायगडातला तळा घ्या. माणगावातून वेगळा काढलेला लहानसा तालुका, डोक्यावर तळगड, खाली राजपुरीच्या खाडीकडे उतरत जाणारी भातखाचरं, थोड्या अंतरावर कुड्याची लेणी. गावात जी. एम. वेदक विज्ञान महाविद्यालय आहे. अशा आडगावातल्या कॉलेजात रसायन किंवा भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला संशोधन करायचं असेल, तर त्याला कोट्यवधींच्या यंत्रांचे विषय परवडत नाहीत. सुपरकपॅसिटरचा इलेक्ट्रोड मात्र परवडतो. चार बीकर, एक हॉट प्लेट, स्टीलच्या पट्ट्या, काही क्षार आणि एक पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला हवं तेवढं व्होल्टेज देऊन वीज मोजणारं यंत्र) एवढ्यावर सुरुवात होते. बाकीचे नमुने मुंबईला आयआयटीत किंवा कोल्हापूरला विद्यापीठात तपासायला पाठवता येतात.

म्हणून परके अणू मिसळण्याची, म्हणजे डोपिंगची ही कल्पना आली कुठून, वाटेत तिचं काय काय झालं आणि आज ती कुठल्या वळणावर आहे, हे तळ्यासारख्या ठिकाणाहून पाहण्यात अर्थ आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. डोपिंग हे सुधारणेचं औषध म्हणून जेवढं उपयोगी पडलं, त्याहून जास्त ते प्रश्न विचारण्याचं हत्यार म्हणून पडलं आहे. लहान प्रयोगशाळेची ताकदही या दुसऱ्या उपयोगात आहे. नेमका तोच मागे राहतो.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. बाजारात मिळणारा 3,000 फॅरडचा, 2.7 व्होल्टचा सुपरकपॅसिटर वजनाला साधारण अर्धा किलो भरतो. त्यात साठणारी ऊर्जा म्हणजे कपॅसिटन्सच्या निम्मे गुणिले व्होल्टेजचा वर्ग. आकडा येतो सुमारे 11,000 ज्यूल, म्हणजे तीन वॉट-तास. आपल्या खिशातल्या मोबाईलच्या बॅटरीत पंधराएक वॉट-तास असतात आणि तिचं वजन शंभर ग्रॅमही नसतं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या भागातल्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. त्या काळात हा अर्धा किलोचा डबा पाच वॉटचा एक बल्ब अर्धा-पाऊण तास पेटवू शकला असता, बस्स. पण तोच डबा काही सेकंदांत भरतो, काही सेकंदांत रिकामा होतो, आणि असं दहा लाख वेळा करूनही फारसा थकत नाही. बॅटरी हजार-दोन हजार खेपांत दमते. त्यामुळे पवनचक्कीची पाती आणीबाणीत वळवायला, बसने ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा पकडून पुन्हा वेग घेताना वापरायला सुपरकपॅसिटर लागतो. शांघायमध्ये 2006 पासून थांब्याथांब्यावर चार्ज होणाऱ्या बस याच जोरावर धावल्या.

हा फरक का पडतो? कोकणातल्या घरात भाताच्या गोणी पडवीत टाकल्या तर आणायला-न्यायला क्षणभर पुरे, पण पडवीत मावणार किती? कणगीत भरलं तर वर्षभराचं मावतं, पण भरणं आणि काढणं दोन्ही वेळखाऊ. सुपरकपॅसिटर विद्युतभार पृष्ठभागावर, म्हणजे पडवीत ठेवतो. बॅटरी तो पदार्थाच्या पोटात, रासायनिक बदल घडवून ठेवते. या क्षेत्रातली पन्नास-साठ वर्षांची धडपड पडवीचा वेग न सोडता कणगीचा थोडासा भाग मिळवण्याची आहे.

पृष्ठभागावर भार जमतो ही कल्पना जुनीच. हर्मन हेल्महोल्ट्झने 1853 मध्ये मांडलं, की धातू आणि द्राव जिथे भेटतात तिथे दोन विरुद्ध भारांचे थर समोरासमोर उभे राहतात. मधलं अंतर रेणूच्या जाडीएवढं, म्हणून कपॅसिटन्स प्रचंड. पण ही गोष्ट साठवणुकीला वापरता येईल हे सुचायला शंभर वर्षं जावी लागली. जनरल इलेक्ट्रिकच्या हॉवर्ड बेकरला 1957 मध्ये सच्छिद्र कार्बनच्या इलेक्ट्रोडचं पेटंट मिळालं. पुढे अमेरिकेतल्या एका तेल कंपनीत रॉबर्ट राइटमायर यांनी ते नीट आकाराला आणलं, आणि सत्तरीच्या दशकात जपानी कंपन्यांनी ते बाजारात आणलं. यात कोकणवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. आज या उद्योगात जो सक्रिय कार्बन मापदंडासारखा वापरला जातो, तो जपानच्या कुराराय कंपनीचा, आणि तो बनतो नारळाच्या करवंटीपासून. करवंटी जाळून कोळसा करायचा, मग तापलेल्या वाफेने त्याला अब्जावधी सूक्ष्म भोकं पाडायची. एका ग्रॅमला दीड हजार चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग मिळतो. आपल्या परसात करवंट्या चुलीत जातात.

कार्बनची मर्यादा मात्र उघड होती. पडवी कितीही वाढवली तरी ती पडवीच. मग 1971 मध्ये इटलीत सर्जिओ त्रासात्ती आणि जोव्हान्नी बुझ्झांका यांना रुथेनियम ऑक्साईडमध्ये काहीतरी विचित्र दिसलं. पदार्थाच्या आत इलेक्ट्रॉनची देवघेव होते, रासायनिक बदल होतो, तरी आलेख मात्र थेट कपॅसिटरसारखा चौकोनी. कॅनडात ओटावा विद्यापीठात ब्रायन कॉनवे यांनी पुढची अनेक वर्षं याचा पाठपुरावा केला आणि या वागणुकीसाठी स्यूडोकपॅसिटन्स हे नाव रूढ केलं. उंबरठ्याच्या जरा आत भार घ्यायचा, पण पडवीच्या वेगाने. 1995 मध्ये झेंग, सायगन आणि जो यांनी पाणी धरलेल्या, अस्ताव्यस्त रचनेच्या रुथेनियम ऑक्साईडमधून ग्रॅममागे 720 फॅरड काढले. कार्बन तेव्हा शंभर-दोनशेच्या घरात होता.

अडचण एकच, रुथेनियम प्लॅटिनमच्या कुळातला धातू. लष्कराला परवडेल, एसटीला नाही. म्हणून स्वस्त भावंडाचा शोध सुरू झाला. 1999 मध्ये ली आणि जॉन गुडइनफ (लिथियम बॅटरीसाठी पुढे नोबेल मिळालेले) यांनी दाखवलं, की मँगनीज डायऑक्साईड साध्या पोटॅशियम क्लोराईडच्या पाण्यात 200 फॅरड देतो. मँगनीज म्हणजे टॉर्चच्या जुन्या सेलमधली काळी भुकटी. स्वस्त, निरुपद्रवी आणि भारतात खाणींतून मुबलक निघणारा. कागदावर त्याची क्षमता ग्रॅममागे 1,300 फॅरडच्या पुढे जाते. मग मिळतात दोनशेच, बाकी गेले कुठे?

याचं उत्तर 2004 मध्ये तूपँ, ब्रूस आणि बेलांजे यांनी दिलं. त्यांनी मँगनीजच्या अणूंची अवस्था चार्ज होण्याआधी आणि नंतर तपासली. जाड थरात बहुतेक अणू काहीच करत नव्हते. फक्त वरचा अगदी पातळ पापुद्रा कामाला लागला होता, आतल्या मालापर्यंत इलेक्ट्रॉन पोचतच नव्हते, कारण मँगनीज डायऑक्साईड वीज वाहण्यात महा आळशी. हे कळल्यावर प्रश्न नेमका झाला. इलेक्ट्रॉनला आत न्यायचं कसं? इथे दुसऱ्याच शास्त्रातली एक जुनी युक्ती मदतीला आली.

ती युक्ती सेमीकंडक्टरवाल्यांची. त्यांच्याकडेही सुरुवातीला अशुद्धी म्हणजे शत्रूच होता. सिलिकॉन जितका शुद्ध तितका चांगला, या श्रद्धेवर सगळे चालले होते. 1940 मध्ये बेल प्रयोगशाळेत रसेल ओल यांच्या हाती एक तडा गेलेला सिलिकॉनचा तुकडा आला. त्यावर उजेड पडला की तो वीज निर्माण करायचा. शोध घेतल्यावर कळलं, की तड्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या प्रकारची अशुद्धी होती. इथून विचाराने कूस बदलली. अशुद्धी किती, कोणती आणि कुठे हे आपण ठरवलं, तर दोषच साधन होतो. सिलिकॉनच्या पन्नास लाख अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू घातला, तर वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन दहा लाख पटीने वाढतात. सगळा ट्रान्झिस्टर, सगळा संगणक या हिशेबावर उभा आहे.

1977 मध्ये हीच कल्पना प्लॅस्टिकमध्ये शिरली. शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनला आयोडीनची वाफ दिली आणि ते धातूच्या तोडीने वीज वाहू लागलं. 2000 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याचसाठी मिळालं. सुपरकपॅसिटरच्या दृष्टीने मला हा टप्पा सर्वांत मजेशीर वाटतो. पॉलिअ‍ॅनिलीनसारख्या वाहक पॉलिमरमध्ये डोपिंग हीच साठवणूक असते. चार्ज करताना आयन आत शिरतात आणि पॉलिमर डोप होतो, डिस्चार्ज करताना ते बाहेर पडतात. इथे मिसळलेली परकी वस्तू कायमची राहायला आलेली नसते, ती ये-जा करते. आणि या ये-जेमुळेच पॉलिमर फुगतो, आकसतो, शेवटी भेगाळतो. म्हणून तो दहा लाख खेपा टिकत नाही.

आता ही कल्पना ऑक्साईडच्या दुकानात आली तेव्हा तिचं माप बदललं, आणि माझ्या मते इथेच घोळ सुरू झाला. सेमीकंडक्टरमध्ये पन्नास लाखांत एक. सुपरकपॅसिटरच्या ऑक्साईडमध्ये शंभरात दोन, पाच, कधी दहा. एवढं परकं घातल्यावर ते स्फटिकाच्या जाळीत मुकाट्याने बसेलच असं नाही. ते आत बसून अणूंमधलं अंतर वाढवेल, ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या करेल, किंवा जागा न मिळाल्याने बाहेर वेगळा ऑक्साईड बनून चिकटेल. निकेल आणि कोबाल्ट एकास दोन या प्रमाणात एकत्र आले, की निकेल कोबाल्टाइट नावाचा तिसराच पदार्थ होतो. तो एकट्या निकेल ऑक्साईडपेक्षा किंवा कोबाल्ट ऑक्साईडपेक्षा किमान शंभर पट चांगली वीज वाहतो. हे छानच आहे, पण याला डोपिंग म्हणायचं का?

महाराष्ट्रात या कामाचं माहेर कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातली थिन फिल्मची प्रयोगशाळा आणि तिथे काम केलेले प्रा. सी. डी. लोखंडे ही नावं या क्षेत्रात जगभर ओळखीची आहेत. राजाराम माने यांच्यासोबत 2000 मध्ये आणि हबीब पठाण यांच्यासोबत 2004 मध्ये त्यांनी लिहिलेले आढावे रासायनिक पद्धतीने पातळ थर बसवण्याची जणू क्रमिक पुस्तकं झाली. 2011 मध्ये दीपक दुबळ आणि कोरियाच्या ओ-शिम जू यांच्यासह त्यांनी धातूंच्या ऑक्साईडच्या थरांवरच्या सुपरकपॅसिटरचा आढावा घेतला. कोल्हापूर आणि दक्षिण कोरिया यांच्यात या विषयाने जो रस्ता पाडला, त्यावरून कित्येक मराठी मुलं-मुली सोलला जाऊन आली. माने पुढे नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात गेले, पठाण पुण्याच्या विद्यापीठात. एका प्रयोगशाळेची सवय अशी राज्यभर पसरली.

ही सवय म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. ‘सिलार’ नावाची पद्धत घ्या, जी मूळ फ्रान्समध्ये निकोलाऊ यांनी 1985 मध्ये मांडली. टेबलावर चार बीकर ओळीने. पहिल्यात धातूच्या क्षाराचा द्राव, दुसऱ्यात शुद्ध पाणी, तिसऱ्यात ऑक्सिजन किंवा गंधक पुरवणारा द्राव, चौथ्यात पुन्हा पाणी. स्टीलची घासून स्वच्छ केलेली पट्टी पहिल्यात काही सेकंद बुडवायची, धुवायची, तिसऱ्यात बुडवायची, धुवायची. एक फेरी झाली. अशा पन्नास-शंभर फेऱ्यांनंतर पट्टीवर रंग धरतो. ना निर्वात पंप, ना हजार अंशांची भट्टी. डोपिंग करायचं तर पहिल्या बीकरमध्ये कोबाल्टच्या गुलाबी द्रावाचे काही मिलिलीटर घातले की झालं. मिसळणं इतकं सोपं आहे म्हणूनच इतकं मिसळलं जातं.

पण बीकरमध्ये जे पाच टक्के घातलं ते थरातही पाच टक्केच उतरलं, हे कोणी सांगितलं? प्रत्येक धातूचा ऑक्साईड किंवा हायड्रॉक्साईड ठरावीक आम्लतेला, आपापल्या वेगाने खाली बसतो. एकाला घाई असते, दुसरा द्रावातच रेंगाळतो. थरात एक टक्का असेल, बारा टक्केही असतील. निबंधात मात्र बीकरमधलाच आकडा मिरवतो, कारण थरातला मोजायला नमुना बाहेर पाठवावा लागतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. परक्या आयनामुळे द्रावात थर कसा वाढतो हेही बदलतं. कण लहान होतात, पाकळ्या पातळ होतात, भोकं वाढतात. म्हणजे क्षमता वाढली ती इलेक्ट्रॉनची वाट मोकळी झाल्याने, की नुसता पृष्ठभाग वाढल्याने? दोन्ही एकाच वेळी झालं असेल तर कुणाचा वाटा किती? डोपिंग न करता, निव्वळ तापमान बदलून तेवढाच पृष्ठभाग मिळवलेला नमुना शेजारी ठेवल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही. तो शेजारचा नमुना फार क्वचित दिसतो.

वजनाचं तर विचारूच नका. एक सेंटिमीटर रुंद, पाच सेंटिमीटर लांब पट्टीचं वजन आठशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तिच्यावरचा थर म्हणे 0.3 मिलिग्रॅम. तराजू मोजतो 0.1 मिलिग्रॅमपर्यंत. समजा थरातून एकूण 0.18 फॅरड मिळाले. भागिले 0.3 मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे 600. पण खरं वजन 0.2 असेल तर 900, आणि 0.4 असेल तर 450. डोपिंगने 25 टक्के सुधारणा झाली असं आपण आनंदाने लिहितो, आणि तराजूचा एक अंकच तिच्या दुप्पट हलतो. त्यात तळ्यातला जुलै महिना. हवेत पाणीच पाणी, आणि हे सच्छिद्र, पाणी धरणारे ऑक्साईड ते ओढूनही घेतात. भट्टीतून काढलेली पट्टी तराजूपर्यंत नेताना तिचं वजन वाढत असतं. मे महिन्यात डोप न केलेला नमुना तोलला आणि पावसाळ्यात डोप केलेला, तर ती तुलना दोन पदार्थांची राहते की दोन ऋतूंची?

या सगळ्यावर परदेशातल्या मोठ्या मंडळींनीही कान उपटले आहेत. युरी गोगोत्सी आणि पॅट्रिस सिमॉन यांनी 2011 मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलं, की ग्रॅममागचा आकडा दिशाभूल करतो. कारखान्यातल्या इलेक्ट्रोडवर चौरस सेंटिमीटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास माल असतो, संशोधक मात्र दशांश मिलिग्रॅमवर विक्रम करतात. पातळ थरात सगळे अणू कामाला लागतातच, जाड थरात तीच किमया टिकत नाही. 2015 मध्ये ब्रूस, बेलांजे आणि लाँग यांनी आणखी खडसावलं. निकेल आणि कोबाल्टचे हायड्रॉक्साईड बॅटरीसारखे वागतात, त्यांच्या आलेखात ठळक उंचवटे असतात, मग त्यांची क्षमता फॅरडमध्ये का सांगता? या एका आक्षेपाने आपल्याकडच्या किती प्रबंधांची शीर्षकं डळमळली असतील, याचा अंदाज क्षेत्रातल्यांना आहे.

असं असलं तरी मी डोपिंगच्या विरोधात नाही. ते चांगलं केलं की काय मिळतं याची दोन उदाहरणं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पहिलं जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या गटाचं, 2013 चं. त्यांनी मँगनीज डायऑक्साईडमध्ये सोन्याचे सुटे अणू बसवले. सोन्याचा सुपरकपॅसिटर कोणी विकणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण सोनं स्वतः या खेळात भाग घेत नाही, ते फक्त इलेक्ट्रॉनची वाट सुधारतं. त्यामुळे तूपँ आणि मंडळींनी मांडलेलं निदान खरं की खोटं हे स्वच्छ तपासता आलं. क्षमता भरपूर वाढली आणि निदान बरोबर ठरलं. इथे परका अणू हा साक्षीदार म्हणून बोलावलेला होता.

दुसरं उदाहरण घरचं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या गटाने 2013 मध्ये कडुनिंबाची वाळलेली, गळून पडलेली पानं हवेविना तापवली. इतर ठिकाणी कार्बनला भोकं पाडायला पोटॅशसारखी दाहक रसायनं घालावी लागतात, इथे वरून काहीच घातलं नाही. पानातच असलेल्या खनिजांनी ते काम केलं. ग्रॅममागे 1,200 चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग आणि आम्लात सुमारे 400 फॅरड. मला यातला आकडा तितका महत्त्वाचा वाटत नाही. पानात जे परकं होतं ते झाडाने आयुष्यभर जमिनीतून ओढून, पेशीपेशीत सारखं पसरवून ठेवलं होतं. इतकं एकसारखं मिसळणं बीकरमध्ये जमवायचं म्हणजे घाम फुटतो. मग प्रश्न आपोआप येतो. तळ्याच्या लाल, जांभ्याच्या मातीत वाढलेल्या झाडाच्या पानातून आणि देशावरच्या काळ्या मातीतल्या त्याच जातीच्या झाडाच्या पानातून निघणारा कार्बन सारखाच असेल का? माती बदलली की खनिजं बदलतात. हा प्रयोग करायला आयआयटीत जावं लागत नाही. उलट तळ्यात बसलेल्या माणसाला तो जास्त सोपा आहे.

कार्बनमध्ये नायट्रोजन मिसळण्याची कथाही अशीच दुहेरी. 2015 मध्ये शांघायच्या एका गटाने नायट्रोजनयुक्त सच्छिद्र कार्बनमधून ग्रॅममागे 855 फॅरड मिळवल्याचं ‘सायन्स’मध्ये जाहीर केलं. नायट्रोजनचे अणू स्वतः आम्लातल्या प्रोटॉनशी देवघेव करतात, म्हणजे साध्या कार्बनला स्यूडोकपॅसिटन्सची जोड मिळते. विज्ञान म्हणून सुंदर. आता कारखान्यात जाऊ या. करवंटीचा कार्बन विकत घेणारे सुपरकपॅसिटरचे उत्पादक पृष्ठभागावरचे ऑक्सिजनचे गट काढून टाकायला पैसे मोजतात. कारण 2.7 व्होल्टच्या सेंद्रिय द्रावात असे सक्रिय गट हळूहळू स्वतःच प्रतिक्रिया करत राहतात, त्यातून वायू निघतो, डबा फुगतो आणि साठवलेला भार गळतो. ऊर्जेच्या सूत्रात व्होल्टेजचा वर्ग आहे, त्यामुळे व्होल्टेज टिकवण्यासाठी थोडा कपॅसिटन्स सोडायला उत्पादक तयार असतो. प्रयोगशाळेत पाण्यातल्या एका व्होल्टवर ज्याला आपण सुधारणा म्हणून टाळ्या देतो, तेच कारखान्यात अशुद्धी म्हणून धुतलं जातं.

रसेल ओलच्या तुकड्यापासून निघालेली कल्पना इथे पुन्हा उलटी फिरलेली दिसते. अशुद्धी दोष की साधन, हे पदार्थावर ठरत नाही, कोणत्या द्रावात, किती व्होल्टला, किती वेळ ठेवणार यावर ठरतं. किती वेळ, हा भाग तर आपल्या निबंधांत जवळपास नसतोच. पाच हजार खेपांचा आलेख असतो, पण तो सतत चार्ज-डिस्चार्ज चालू असतानाचा. चार्ज करून नुसता ठेवून दिला तर सकाळपर्यंत किती उरतो? डोप केलेला इलेक्ट्रोड दुप्पट साठवतो आणि रात्रीत तिप्पट गळतो, असं असेल तर तो डोपंट कामाचा की कुचकामी?

हे मोजायला काय लागतं? दोन सारखे इलेक्ट्रोड, मधे द्रावात भिजवलेला कागद, आणि बाजारात हजारभर रुपयांना मिळणारा डिजिटल मल्टिमीटर. त्याचा अंतर्गत रोध बहुधा दहा मेगाओहम असतो. तो कायमचा जोडून ठेवला तर तोच थोडाफार भार पिऊन टाकेल, म्हणून दर तासाला वाचनापुरता टेकवायचा आणि काढायचा. एकदा डोप न केलेल्या जोडीवर, एकदा डोप केलेल्या जोडीवर, त्याच रात्री, त्याच टेबलावर, म्हणजे हवेतल्या दमटपणाचं भांडणही मिटतं. व्होल्टेज वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे उतरलं तर आयन भोकांतून पसरत निघून जात आहेत असा कयास बांधता येतो. लॉगरिदमच्या चालीने उतरलं तर पृष्ठभागावर प्रतिक्रिया चालू आहे, म्हणजे संशय थेट घातलेल्या परक्या अणूवर जातो. शिवाय चार्ज एकदा झाला की पुढच्या प्रयोगाला पोटेन्शिओस्टॅट लागत नाही, आणि पावसाळ्यात तळ्याची लाईट रात्रभर गेली तरी तो चालूच राहतो.